पात्र रक्कम चार लाख दोन हजार

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये कचेरीत एक निनावी पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: 'नवी पेठेत धुळाप्पा घोंगडीवाल्याच्या माळ्यावर दर सोमवारी दुपारी खेळ होतो. लाखांची उलाढाल आहे. तिकीट नाही.'

आता 'खेळ' या शब्दाला बाहेर शंभर अर्थ असतील, करमणूक कराच्या टेबलावर एकच होता. खेळ म्हणजे सिनेमाचा, फार तर तमाशाचा. त्याला तिकीट, आणि तिकिटाला कर. तिकीट नाही म्हणजे सरळ चोरी. निरीक्षक आबासाहेबांनी पोस्टकार्ड दोनदा वाचलं, टोपी घातली आणि ते निघाले.

आबासाहेब माणूस सरळ. अकरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी थेटरवाल्याचा फुकटचा चहाही घेतला नव्हता. लोक म्हणायचे, हे थेटरात शिरले की पडद्यावरचा डाकूसुद्धा आधी पावती फाडतो आणि मगच नायिकेला पळवतो. राहायला मोहोळला. सकाळच्या एसटीनं सोलापूर गाठायचं, संध्याकाळच्या एसटीनं जेवायला घरी. बायको वच्छला हिला नऊ वर्षं अर्ज करून करून नुकतीच मोहोळच्याच बालवाडीत नोकरी लागली होती. संसाराची गाडी अशी आत्ता कुठं रुळावर आलेली.

धुळाप्पाच्या दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. दुकानाला लागूनच गुरम्माची चहा-भज्यांची गाडी. कढई अशी काळी, की तीत पडलेली माशीसुद्धा वाट चुकायची.

"धुळाप्पा कुठं आहेत?" आबासाहेबांनी विचारलं.

"वळसंगला गेलाय, लोकर आणाया. घोंगडं पायजे का?"

"इथं खेळ होतो म्हणे."

गुरम्माचा चेहरा उजळला. तिला वाटलं, नवा गडी आला खेळायला. "होतो की. दर सोमवारी. लई झकास होतो."

"माणसं किती येतात?"

"खेळणारी आमी तिघं. ऐकणारी वीस-पंचवीस."

"आणि जमा?"

"आजवरची? चार लाख दोन हजार."

आबासाहेबांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"त्यातलं दोन लाख माझंच हाय," गुरम्मा भजी उलटत म्हणाली. "मास्तरचं एक लाख धा हजार. त्यो चनबसप्पा मागंच राहिला, ब्याण्णव हजारावर. धाडसच न्हाय त्याला."

"हे तुम्ही कुणालाही असं सांगता?"

"लपवायचं कशाला? चोरी केलीय का मी?" मग तिला आठवलं. "म्हंजे केलीय चोरीच. पर ती राजाच्या वाड्यात."

आबासाहेबांनी नोंद केली: 'राजाचा वाडा, पत्ता तपासणे.'

गुरम्मानं एक फळी काढून दुकानातून वहीच आणून दाखवली. लाल कापडी बांधणीची, रामहरी मास्तरांच्या सुंदर अक्षरातली. पहिल्याच पानावर ठसठशीत मथळा: 'पात्र रक्कम'. खाली तीन नावं, तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढं 'मो.' असं लिहिलेलं. आबासाहेबांनी मनाशी उलगडा केला. मो. म्हणजे मोजून घेतले. आणि पात्र रक्कम म्हणजे करपात्र रक्कम, दुसरं काय असणार? कर चुकवणारी माणसं त्यांनी ढिगानं पाहिली होती, पण स्वतःच करपात्र रक्कम वेगळी काढून सुवाच्य अक्षरात लिहून ठेवणारी पहिल्यांदाच भेटत होती. त्यांना या मंडळींविषयी आदरच वाटला.

कचेरीत येऊन त्यांनी नवी फाईल उघडली. 'करपात्र रक्कम रु. ४,०२,०००.' साहेबांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि पुण्याला तार केली.

इथं साहेबांची एक रीत सांगायला हवी. वसुली कमी झाली तरी साहेब रागवत नसत. पण एकतीस मार्चला ज्याची फाईल उघडी दिसली, तो एक एप्रिलला चांद्याच्या गाडीत दिसायचा. चांदा म्हणजे सोलापुरापासून इतकं लांब, की तिथं बदली झालेल्या एका कारकुनाची दिवाळीची सुट्टी पोचेपर्यंत संपायची, आणि तो परतीच्या वाटेवर फराळाचा डबा उघडायचा.

सोमवारी, वीस तारखेला, आबासाहेब पावती-पुस्तक घेऊन माळ्यावर चढले. सहा नव्या घोंगड्या अंथरून पंचवीसएक माणसं बसलेली. मध्ये धुळाप्पा, पागोटं मांडीवर, पुढ्यात सहा कवड्या. समोर गुरम्मा, शाळेत इंग्रजी शिकवणारे रामहरी मास्तर, आणि शेजारचा कापडवाला चनबसप्पा, जो मांजर आडवं गेलं तरी त्यालाच आधी वाट द्यायचा.

"फुडं काळाकुट्ट दरवाजा हाय," धुळाप्पा बारीक आवाजात सांगत होता. "आतनं घोरल्याचा आवाज येतोय. आता काय करता?"

"लाथ मारतो," चनबसप्पा म्हणाला, आणि पंचवीस माणसांनी श्वास रोखला.

आबासाहेबांनी घसा साफ केला. आपण कोण, कशासाठी आलो, ते सांगितलं. पावती-पुस्तक उघडलं.

मग गुरम्मा तोंडाला पदर लावून जी हसायला लागली, ती खाली कढईतलं तेल थंड होईपर्यंत हसत होती.

समजावून सांगायचं काम मास्तरांकडं आलं. चनबसप्पाचा पुतण्या अमेरिकेत शिकत होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं काकाला एक खोकं पाठवलं. आत एक इंग्रजी चोपडं आणि चित्रविचित्र फासे. तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि प्रत्येक वळणावर आपण काय करतो ते आपणच सांगायचं. चोपड्यात लिहिलं होतं की खेळायला प्रत्येकाजवळ एक 'कॅरेक्टर' पाहिजे. चनबसप्पा घाबरून आपलं शाळा सोडल्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट शोधायला गेला होता. मग मास्तरांनी भाषांतर केलं: पात्र.

"नाटकातलं पात्र असतं तसं," मास्तर म्हणाले. "मी मांत्रिक. चनबसप्पा पैलवान. गुरम्मा चोरांची म्होरकी. आणि ही प्रत्येक पात्राची रक्कम. म्हणून पात्र रक्कम."

"आणि मो.?"

"मोहरा."

"त्या कुठं आहेत?"

"अकरा बैलगाड्यांत," चनबसप्पानं प्रामाणिकपणे सांगितलं.

"गाड्या कुठं आहेत?"

तिघांनीही धुळाप्पाच्या कपाळाकडं बोट दाखवलं.

आबासाहेब घोंगडीवर बसले. गुरम्मानं पाणी दिलं.

"म्हणजे या खेळात पैसाच नाही?"

"आसं कसं," धुळाप्पाला ते लागलं. "फासं नव्हतं ऱ्हायलं, तर कवड्या इकत आणल्या की."

फाशांची हकीगतही खरी होती. त्यातला वीस तोंडांचा फासा एकदा चनबसप्पाच्या हातून सुटला आणि घरंगळत जिना उतरला. वीस तोंडं असल्यामुळं कुठल्या तोंडावर थांबावं हे त्याला ठरवता येईना. तो तसाच नवी पेठ ओलांडून सिद्धेश्वराच्या तळ्याच्या दिशेनं गेला. नंतर तो कुणी पाहिला नाही.

आबासाहेबांनी तरी आशा सोडली नाही. कुठंतरी खरा पैसा असेलच. त्यांनी एकेकाला बसवून विचारलं. सोमवारी चहा किती जातो? वीस कप, वीस पैसे कप. भजी? पंधरा प्लेट, चाळीस पैसे प्लेट. ऐकायला आलेल्यांनी बसून बसून उबेची चटक लागून विकत नेलेल्या घोंगड्या, वर्षाला अकरा, पंचेचाळीस रुपयांना एक. चनबसप्पाचा पैलवान गाजायला लागल्यावर त्याच्या दुकानातून गेलेले फेटे, दोन. वह्या-पेन्सिली. वर्षाची सगळी बेरीज झाली एक हजार सत्त्याहत्तर रुपये चाळीस पैसे. खेळ फुकट, आणि सगळा पैसा खेळाच्या कडेकडेनं. त्यातला एक पैसाही तिकिटाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढं हा हिशेब ठेवला.

"हे एक हजार सत्त्याहत्तर," साहेब म्हणाले. "फायलीत चार लाख दोन हजार आहेत. बाकीचे कुठं गेले?"

"साहेब, ती रक्कम... काल्पनिक आहे."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "काल्पनिक रक्कम तुम्ही सरकारी फायलीत लिहिलीत?"

आबासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी काल्पनिक रकमेची पुण्याला तार केली?"

साहेबांनी फाईल त्यांच्याकडं सरकवली.

"आबासाहेब, आकडा एकदा फायलीत शिरला की तो खरा. तो कुठं गेला ते दाखवा आणि शुक्रवारच्या एकतीस तारखेला फाईल बंद करा. नाहीतर चांद्याला हवा चांगली आहे म्हणतात."

त्या संध्याकाळी वच्छलानं प्यायला हुलग्याचं माडगं केलं होतं. बालवाडीतल्या मुलांनी तिला 'बाई' म्हणायला सुरुवात केल्याचं ती सांगत होती. आबासाहेबांनी चांद्याचं नाव काढलं नाही. पण माडग्यात मीठ जास्त आहे म्हणाले, आणि तिनं तर मीठ घातलंच नव्हतं. त्यावरून ती काय ते समजली.

बुधवारी ते धुळाप्पाच्या दुकानात जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं.

"मग आमी काय करावं म्हंता?" धुळाप्पानं विचारलं.

"वहीत शिल्लक शून्य दिसली पाहिजे. मोहरा गेल्या, एवढंच. तुम्ही एक रेघ मारलीत तरी..."

"रेघ?" धुळाप्पानं हातातली घोंगडी खाली ठेवली. "साहेब, त्या मोहरांपायी मास्तर दोनदा मेलाय. चनबसप्पा सा महिनं विहिरीत हुता. गुरम्मानं नागाच्या बिळात हात घातलाय. आन मी रेघ मारू?"

"तुमच्या कपाळातल्याच आहेत ना शेवटी?"

"तुमी पडताळणीत खोटा आकडा लिवता का?"

"नाही."

"मग मी बी लिवत न्हाय." मग त्यानं जरा वेळानं विचारलं, "चांद्याला किती लांब पडतं वो?"

आबासाहेबांनी सांगितलं.

धुळाप्पानं घोंगडीची कडा बोटानं चाचपली. "मोहरा पायजेत तर खेळून न्या. सोमवारी या. नाक्यावर जकातदार व्हा. गाड्या नाक्यावरनंच जाणार हायत. पर एक सांगतो, ही तिघं सोडणारी न्हाईत, आन मी कुणाच्या बाजूनं न्हाय."

सत्तावीस तारखेला माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी म्हणतात, त्या वजनानं दुकानाची वीतभर उंची कमी झाली, आणि धुळाप्पाला त्या दिवसापासून दारात वाकावं लागायला लागलं.

"फुडं नाका," धुळाप्पानं सुरुवात केली. "आडवा बांबू. बाजूला खोपटं. खोपटात जकातदार. जकातदार, अकरा गाड्या येताना दिसल्या. आता काय करता?"

अकरा वर्षांत आबासाहेबांना हे कुणी विचारलं नव्हतं. काय करायचं ते परिपत्रकात यायचं. त्यांनी टोपी सारखी केली, पिशवीतून कोरा ताव काढला, पेनाचं टोपण उघडलं. आणि पेन हातात आल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"गाड्या बाजूला घ्या. बैल किती?"

"बावीस," चनबसप्पा म्हणाला.

"बैलांची दाखला-पावती?"

"ती... बैल जंगलात सापडले."

"बेवारस जनावरं. बावीस. लिहून घेतो."

"तलवार काढतो," चनबसप्पा म्हणाला. खेळात तो असाच होता.

"काढा. लांबी किती? परवाना आहे?"

चनबसप्पानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "मी मंत्र म्हणतो आणि अदृश्य होतो."

"व्हा. पण आधी इथं सही करा. नंतर कागद दिसला तरी हात दिसणार नाही."

मास्तरांनी सवयीनं सही केली. माळ्यावर खसखस पिकली. मास्तर सही पाहत राहिले. तिच्या वरच्या ओळीत 'वरील माल माझ्या ताब्यात आहे' असं लिहिलेलं होतं.

आता सगळ्यांची नजर गुरम्माकडं. "दादा," ती गोड आवाजात म्हणाली, "उन्हातान्हाचं बसलाय. पाचशे मोहरांची थैली हळूच टेबलाखाली सरकवते. लेकराबाळांना खाऊ."

आबासाहेब थांबले. थैली कुठं नव्हती, टेबलही नव्हतं. तरी त्यांनी पाय मागं घेतला.

"थैली वर ठेवा," ते म्हणाले. "मोजा. पाचशे. लाच देऊ केल्याबद्दल पंचांसमक्ष जप्त."

"अय्य शिवा," गुरम्मा पुटपुटली. "हे येगळंच भूत हाय."

"एक विचारायचं राहिलं," आबासाहेब तावावरून मान वर न करता म्हणाले. "या मोहरा मुळात मिळाल्या कुठं?"

"राजाच्या वाड्यातल्या नागाच्या बिळात," गुरम्मा जोरात म्हणाली. "माझ्या या हातानं काढल्यात. कष्टाच्या हायत."

"बीळ जमिनीच्या वर की खाली?"

"खालीच की. बीळ काय झाडाला लागतं?"

आबासाहेबांनी पेन खाली ठेवलं. "जमिनीखाली सापडलेलं ते गुप्तधन. सापडल्याची वर्दी दिली होती?"

"कुणाला द्यायची?" मास्तर मध्ये पडले. "त्या मुलखात राजाच नाही. नागानं गिळलाय."

"राजा नसला तरी सरकार असतं, मास्तर. वर्दी नाही, तर सगळं धन सरकारजमा. चार लाख दोन हजार. बैलांसकट."

तिघांनी धुळाप्पाकडं पाहिलं. धुळाप्पानं सहा कवड्या हातात घेतल्या, खुळखुळवल्या, आणि न टाकताच खाली ठेवल्या. दोन वर्षं त्यानं ते धन गोष्टीतून जपून, पिलासारखं वाढवलं होतं.

"नागाशी लढाया कवड्या टाकता येत्यात," तो म्हणाला. "कागदाशी न्हाय. मला तर वाट दिसंना. तुमाला दिसती का?"

कुणालाच दिसेना. मास्तरांनी लाल वही उघडली आणि तिन्ही नावांपुढं, एकेक करून, शून्य घातलं. चनबसप्पाच्या शून्यावरची शाई टिपायला त्यानं स्वतःचा नवा फेटा दिला. आबासाहेबांनी तिघांना तीन पावत्या दिल्या. गुरम्मानं आपली पावती घडी घालून कनवटीला लावली. दोन लाखांची पावती तिच्याकडं यापूर्वी नव्हती.

एकोणतीस तारखेला साहेबांच्या टेबलावर अहवाल गेला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. 'सदर रक्कम पात्रांकडे होती. दि. २७ रोजी जकात नाक्यावर पंचांसमक्ष जप्त. पात्रांकडे शिल्लक शून्य. सबब सदर पात्रे करास अपात्र.'

साहेबांनी वाचलं. "जप्त कशी झाली?"

"गुप्तधन निघालं, साहेब."

"मग पुढं?"

आबासाहेबांनी नियमांचं पुस्तक पुढं सरकवलं. "गुप्तधन आपल्या खात्याचा विषय नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं तापातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्या मऊ भातानं पसरतं. एवढा मोठा आकडा आपल्या खात्याचा विषय नाही, हे ऐकायला ते आठवडाभर आसुसले होते. त्यांनी 'निकाली' शिक्का इतक्या जोरात मारला, की कचेरीच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट होटगीला जाऊन बसली. "चार लाखांचं प्रकरण तेरा दिवसांत," ते म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस चांद्याला पाठवून मी इथं काय करू?"

त्या संध्याकाळी मोहोळच्या घरात माडगं पुन्हा अळणी होतं. आबासाहेब दोन वाट्या प्याले.

पुढच्या सोमवारी त्यांना माळ्यावर काही काम नव्हतं. तरी ते गेले. खाली गुरम्माच्या गाडीशी रांग होती. जकातदारानं मांत्रिकाची सही घेतली ही बातमी अक्कलकोटपर्यंत पोचली होती, आणि भजी सकाळीच संपून तिनं दुसऱ्यांदा पीठ भिजवलं होतं. आबासाहेबांनी वीस पैसे मोजून चहा घेतला, तो पिऊन वर चढले.

त्यांची जागा मोकळी ठेवलेली होती.

"उशीर केला, जकातदार," धुळाप्पा म्हणाला. त्यानं तिघांकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. तिघंही कंबर कसून बसले होते, आणि गुरम्मानं पावती बाहेर काढून मांडीवर ठेवली होती. "तुमच्या खजिन्याच्या भिंतीभायेर घोड्यांच्या टापा ऐकू येत्यात. तीन घोडी. तिघांची तोंडं बांधल्याली. दार ठोठावत्यात. आता काय करता?"

आबासाहेबांनी पिशवीतून ताव काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"घोडी बाहेर बांधा म्हणावं," ते म्हणाले, "आणि अर्ज तीन प्रतींत आणा."